दहा मिनिटांच्या आतली माणसं

नमुना ‘ग’. रकाना १ : पडताळणीची पद्धत

काचेच्या खोलीत फारूक शिकलगार एकटाच बसून केळं खात होता आणि बाहेरच्या पडद्यावर ‘१’ हा आकडा होता.

“आता मी आत जाते,” डॉ. सुनीती खांबेटे म्हणाल्या. त्या आत जाऊन फारूकशेजारी बसल्या. पडद्यावर ‘१’च राहिला.

“चुकलं की हो तुमचं यंत्र,” दुसऱ्या पडद्यावरून सभागृहाचे उपसचिव पालयेकर म्हणाले. ते स्वतःच्या घरी होते. त्यांच्या मागे वाळत घातलेला टॉवेल दिसत होता.

“थांबा जरा.”

दहा मिनिटांनी आकडा ‘२’ झाला.

“हं. आता मला सोप्या भाषेत सांगा. मला हे आमदारांना समजावून द्यायचंय.”

सुनीतीबाई बाहेर आल्या. “आपण श्वास सोडतो तेव्हा नाकातोंडातून कर्बवायू बाहेर पडतो. तो लगेच खोलीभर मिसळत नाही. काही क्षण प्रत्येक नाकासमोर त्याचा एक पिसारा उभा असतो. या यंत्रातून अवरक्त किरणांचं जाळं खोलीभर पसरतं. पिसारा मध्ये आला की तेवढे किरण शोषले जातात. जितके पिसारे, तितकी माणसं. याला आम्ही श्वासगणक म्हणतो.”

“आणि हा खालचा आकडा? अठरा?”

“ताशी लिटर. बसून काम करणारा माणूस तासाला साधारण सतरा-अठरा लिटर कर्बवायू सोडतो.”

“केळं खाणारा एकोणीस,” फारूक आतून म्हणाला.

पालयेकर हसले नाहीत. त्या आठवड्यात त्यांना कोणी हसू देत नव्हतं. श्वसनसाथीचं ते दुसरं वर्ष होतं. सभागृहाला कुलूप लागलं होतं आणि सदस्य घरून कामकाज करत होते. त्यासाठी प्रत्येकाला सरकारी तिजोरीतून गृहकार्य भत्ता मिळत होता. टेबलखुर्ची, दूरसंचाराची तार, फोन घेणाऱ्या माणसाचा पगार आणि घरातल्या एका खोलीपुरती अखंड वीज. बाकी राज्यात सहा-सहा तास भारनियमन होतं. मग बिलं बाहेर आली. एका सदस्याने नारळाच्या बागेत झोपाळा लावला होता, ‘चिंतनासाठी’. एकाने माशांची पेटी. एकाने अखंड विजेवर पिठाची गिरणी चालवली होती. ही बिलं छापून आली त्याच पानावर रुग्णालयाच्या दाराशी रिक्षात बसलेल्या माणसांचे फोटो होते. लोक चिडले. तेव्हा ठरलं की भत्ता मिळेल, पण खोली फक्त कामाची असली पाहिजे. आत एकच माणूस असला पाहिजे. आणि ती वीज त्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. तार बाहेर ओढली की जोडणी आपोआप बंद.

“आत कोण आहे हे यंत्राला कळतं का?” पालयेकरांनी विचारलं.

“कळवून घेता येईल. श्वासात आणखी बरंच काही असतं. आजारसुद्धा ओळखता येतात.”

“नको, नको. सदस्यांचा त्यालाच आक्षेप आहे. फक्त आकडा ठेवा. आणखी एक. सौभाग्यवती चहा घेऊन आत आल्या तर दोन दिसतील आणि उगाच बोंब होईल.”

“तशी सोय केलीय. आकडा बदलला आणि तो दहा मिनिटं टिकला, तरच यंत्र बदल धरतं. नाहीतर आधीचाच आकडा पुढे चालू राहतो.”

“आणि ते मधले आठ-नऊ मिनिटांचे आकडे?”

“पुसले जातात. ठेवायचे आहेत का?”

“कशाला?” पालयेकर म्हणाले. “पुसा.”

रकाना २ : सदस्याचे नाव व मतदारसंघ

हौसाबाई नारायण वाघचौरे. वडधरा.

रकाना ३ : घरातील एकूण खोल्या

दोन. (दुसरीला पत्रा आहे.)

रकाना ४ : कार्यकक्षात आढळलेली विसंगती

“हॅलो? श्वास मोजणाऱ्या बाई तुम्हीच का?”

“मी डॉ. खांबेटे. बोला.”

“मी वडधऱ्याची हौसाताई. तुमची नोटीस आली. खोलीत दोन माणसं दिसतात म्हणून.”

सुनीतीबाईंनी नोंद काढली. एकोणतीस लिटर. दोन. सकाळी दहा ते सायंकाळी सहा, सलग चार दिवस. “हो ताई, दोन आहेत.”

“आहेतच. मी कुठं नाही म्हणते? आमचे मालक आहेत. एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. पहिल्या साथीत वाचले, पण फुप्फुसं गेली. प्राणवायूचं मशीन लावलंय. ते विजेवर चालतं. म्हणून त्यांना कामाच्या खोलीत ठेवलंय. मी या कोपऱ्यात फोन घेते, ते त्या कोपऱ्यात पडून असतात. बोलतसुद्धा नाहीत.”

“रुग्णालयात...”

“बाई, मी आमदार आहे. बारा दिवस झाले, मी लोकांसाठी खाटा मागतेय. स्वतःच्या नवऱ्यासाठी पहिली उचलू का?”

सुनीतीबाई म्हणाल्या, “संमिश्र वापर चालत नाही, ताई. नियम आहे. तीन दिवसांत दोनाचा एक झाला नाही तर जोडणी तोडतात.”

“पत्र्याखाली सहा तास वीज नसते.”

“मी पालयेकरसाहेबांशी बोलते.”

“मी बोलले. ते म्हणाले, एकाला सवलत दिली तर गिरणीवालासुद्धा आजारी बाप आणून झोपवेल. खोटं नाही बोलले.” पलीकडून कोणाला तरी “आले, आले” असं म्हटल्याचा आवाज आला. मग पुन्हा फोनवर, “एक विचारू? जेवणाचं ताट घेऊन कोणी आत गेलं तर?”

“दहा मिनिटांच्या आत बाहेर आलं तर मोजत नाही.”

“म्हणजे नऊ मिनिटं चालतात.”

“चालतात.”

“बरं झालं विचारलं,” हौसाताई म्हणाल्या. निवडून येण्याआधी बावीस वर्षं त्या अंगणवाडी सेविका होत्या. फोन ठेवण्याआधी त्यांनी सुनीतीबाईंचं नाव दोनदा विचारून लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडधऱ्याच्या खोलीत आकडा ‘१’ झाला आणि एकच राहिला. सुनीतीबाईंनी तो पाहिला. म्हणजे पत्र्याखाली हलवलं, असं मनात आलं आणि त्यांनी पुढची नोंद उघडली.

रकाना ५ : (कार्यालयीन वापरासाठी. येथे काही लिहू नये.)

प्रयोगशाळेत आता दोघंच होती. बंदी लागली तेव्हा जे आवारात होते ते आवारातच राहिले. फारूकचं घर मिरजेला. पाच महिने त्याने मुलीला पडद्यावरच पाहिलं होतं. तो संख्याशास्त्रज्ञ होता आणि स्वयंपाकही तोच करायचा, कारण सुनीतीबाईंची भाजी त्याने एकदा खाल्ली होती.

“मॅडम, गंमत दाखवतो. हे आपले झोपाळावाले सदस्य. दहा ते सहा सलग एक. ताशी सतरा लिटर. एक दिवस सुटी नाही.”

“सुधारले असतील.”

“परवा हे दुपारभर नदीकाठच्या बंगल्यावर उद्घाटन करत होते. फोटो आलाय. खोलीत त्या वेळी एक होताच. श्वासाला माणूस ठेवलाय, मॅडम! रोजंदारीवर. तो नुसता बसून श्वास घेतो आणि हे भत्ता घेतात.”

सुनीतीबाईंना हसू आलं आणि लगेच गेलं. नाव साठवायचं नाही असं ठरलं होतं. यंत्राच्या दृष्टीने एक म्हणजे एक.

“आणि ही वडधऱ्याची खोली. हिची वेगळीच अडचण आहे. हिचा शून्य सापडत नाही.”

श्वासगणकाला अधूनमधून रिकामी खोली दिसावी लागते. रात्री सगळे सदस्य झोपायला गेले की खोली मोकळी होते, यंत्र तिथे शून्य धरतं आणि दुसऱ्या दिवशीची मोजणी त्यावर बेततं. भत्त्यासाठी फक्त दहा ते सहाच पाहत, त्यामुळे रात्रीच्या नोंदी कोणी उघडत नसे. फारूकने त्या दुरुस्तीसाठी उघडल्या होत्या.

“हौसाताई दिवसाचे चोवीस तास काम करतात,” तो म्हणाला. “नऊ दिवस खोलीबाहेर पडल्या नाहीत. अंघोळीलासुद्धा नाही.”

“लिटर किती?”

“अकरा.”

सुनीतीबाई उठून त्याच्या पडद्यापाशी आल्या. काम करणारं, दिवसभर फोनवर बोलणारं माणूस सतराच्या खाली येत नाही. अकरा म्हणजे पडून राहिलेलं, म्हातारं शरीर.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

“त्यांनी नवऱ्याला बाहेर नाही काढलं,” सुनीतीबाई म्हणाल्या. “त्या स्वतः बाहेर गेल्या.”

त्या दिवशी सभागृहाच्या प्राणवायू समितीची पडद्यावर बैठक होती. दोघांनी ती लावली. हौसाताई तिसऱ्या ओळीत होत्या. मागे भिंत नव्हती. तुळशीचं वृंदावन, सायकल आणि ऊन होतं. पदर डोक्यावर घट्ट ओढून त्या वडधऱ्याच्या टाक्यांचा हिशेब मागत होत्या. वाऱ्याने कागद उडत होते आणि त्यांवर त्यांनी खलबत्ता ठेवला होता. मध्येच त्यांनी हात जोडले, “अध्यक्षमहाराज, नऊ मिनिटांत येते,” आणि चौकट रिकामी झाली.

फारूकने घड्याळ लावलं. त्याला तसं करायचं नव्हतं, पण लावलं. आठ मिनिटं चाळीस सेकंदांनी त्या परत आल्या. हाताला पेज लागली होती, ती पदराला पुसत त्यांनी विचारलं, “कुठपर्यंत आलं?”

रकाना ६ : पडताळणी अधिकाऱ्याचा अभिप्राय

“कळवायला हवं,” फारूक म्हणाला.

“हो.”

“झोपाळावाल्यालाही कळवायला हवं.”

“त्याचं काय तुटेल? झोपाळा?”

“आपण नियम केलाय, मॅडम.”

“मी केलाय,” सुनीतीबाई म्हणाल्या. “तू केळं खात होतास.”

अभिप्राय : विसंगती नाही.

रकाना ६ (पुढे चालू)

त्या दिवसापासून दोघं रोज वडधऱ्याचा आकडा पाहू लागले. सकाळी चहाच्या आधी. फारूक आकडा वाचायचा आणि सुनीतीबाई “बरं” म्हणायच्या.

अकरा.
अकरा.
अकरा. (“आज पेज जास्त गेली असेल.” “पेजेने लिटर वाढत नाहीत, फारूक.” “माहितेय, मॅडम.”)
दहा.
दहा.
नऊ.
नऊ.
आठ.
आठ.
आठ.

शरीरात अन्न जळतं, त्याचा धूर म्हणजे हा वायू. धूर कमी होतोय म्हणजे चूल विझत चालली आहे. हे दोघांना ठाऊक होतं, म्हणून कोणी उच्चारलं नाही. सुनीतीबाईंना एक गोष्ट मात्र छळत होती. त्या माणसाजवळ कोण आहे? नऊ मिनिटं बायको आणि मग दोन तास कोणी नाही. पुन्हा नऊ मिनिटं. पलीकडे भिंतीआड तिचा आवाज ऐकू येत असेल, दुसऱ्यांसाठी खाटा मागणारा. हाक मारायला त्याला श्वास पुरत नसेल.

अकराव्या दिवशी दुपारी एक वाजता आकडा सात झाला.

सुनीतीबाईंनी फोन उचलला आणि जिल्ह्याच्या रुग्णवाहिका कक्षाला लावला. कोण आजारी आहे, तुम्ही कोण, तुम्हाला तिथलं कसं कळलं, यांतल्या कशाचंच त्यांना खरं उत्तर देता आलं नाही. शेवटी ओळखपत्राचा क्रमांक सांगितला. पलीकडचा माणूस थकलेला होता. “नंबर लावतो, मॅडम. पाच तास लागतील. तुमच्यामागे एक बाळंतीण आहे. गरज संपली तर तेवढं कळवा, म्हणजे गाडी तिला देता येईल.”

लिटरचा आकडा तासाच्या सरासरीचा असे. दोन वाजता पुन्हा सात.

तीन वाजता बारा.

“मॅडम,” फारूक म्हणाला.

“एकच आहे ना आत? दोन तर नाहीत?”

“एक. सकाळपासून एकच. बदल नाही.”

चार वाजता सतरा.

फारूक खुर्चीतून उठला, खोलीभर फिरला आणि परत बसला. “बसलाय उठून! सतरा म्हणजे बसलाय, मॅडम. बोलतोयसुद्धा असेल. माझी आजी अशीच उठली होती, सगळे जमले होते आणि म्हातारीनं मटण मागितलं.”

“दोन तासांत दहा लिटर वाढ...” सुनीतीबाई म्हणाल्या. पण त्याही हसत होत्या. पाच महिन्यांत पहिल्यांदाच एखादा आकडा त्यांना हवा तिकडे गेला होता. त्यांनी रुग्णवाहिका कक्षाला फोन करून सांगितलं की गरज नाही, गाडी बाळंतिणीला द्या. फारूकने डब्यातली शेवटची बाकरवडी काढली. दोघांनी ती अर्धी अर्धी खाल्ली.

पाच वाजता फोन वाजला.

“डॉ. खांबेटेबाई आहेत का? मी वडधऱ्याहून हौसाताई.”

“बोला ताई!” सुनीतीबाईंच्या आवाजातला आनंद त्यांना लपवता आला नाही. “कसे आहेत ते?”

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं, आत कोण आहे ते.”

“हो.”

“कधीपासून?”

“अकरा दिवस.”

“मग कळवलं नाही?”

“वीज तोडली असती.”

“हं,” हौसाताई म्हणाल्या. “मीच आत बसलेय आता. दुपारपासून. उठवलं नाही मला.”

सुनीतीबाईंनी पडद्याकडे पाहिलं. एक. सतरा लिटर.

आणि मग त्यांना ते कळलं. सात आणि सतरा हे दोन आकडे एका माणसाचे नव्हते. एक थांबला होता आणि दुसरा सुरू झाला होता. यंत्राने दोन्ही वेळा मोजणी बरोबर केली होती.

“ताई...”

“ऐका. तुमचं मशीन सगळं टिपतं, म्हणून फोन केला. मी अडीचला आत गेले. पाणी पाजायला. ओठाला चमचा लावला तर पाणी बाहेर आलं. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. मशीनचा आवाज चालूच होता ना, घरघर, त्यात काही कळेना. मी आपली घड्याळाकडे बघत. सात मिनिटं झाली, आठ झाली. नववं लागलं तसं डोकं खाली ठेवायला गेले, तेव्हा हात लागला नाकाला. एवढंच सांगा मला. मी आत गेले तेव्हा ते होते का?”

सुनीतीबाईंनी नोंद उघडली. अडीचच्या आधी एक. अडीचनंतर एक. सलग.

त्या आत आल्या तेव्हा ते जिवंत असतील, तर काही मिनिटं खोलीत दोन पिसारे होते. दहा मिनिटं भरली नाहीत. यंत्राने ते दोन पुसले आणि एक पुढे चालू ठेवला.

त्या आत येण्याआधीच ते गेले असतील, तर काही मिनिटं खोलीत एकही पिसारा नव्हता. दहा मिनिटं भरली नाहीत. यंत्राने तो शून्य पुसला आणि एक पुढे चालू ठेवला.

तासाच्या सरासरीवरून काढता येईल का? फारूक शेजारी कागद घेऊन बसला होता. त्याने दोनदा मांडलं आणि दोनदा खोडलं. रडताना माणूस किती लिटर सोडतो हे कोणी कधी मोजलं नव्हतं.

“बाई? आहात का?”

फारूकने कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पुढे सरकवलं : *होते म्हणा.*

सुनीतीबाईंनी ते वाचलं. तोंड उघडलं. बावीस वर्षं हजेरीपट लिहिलेली बाई पलीकडे उत्तराची वाट पाहत होती आणि तिला ते लिहून घ्यायचं होतं.

“सांगता येत नाही, ताई,” त्या म्हणाल्या. “दहा मिनिटांच्या आतलं आम्ही ठेवत नाही.”

“कुठंच नाही?”

“कुठंच नाही. मीच तसं केलंय.”

मागे प्राणवायूच्या यंत्राची घरघर ऐकू येत होती. ते अजून कोणी बंद केलं नव्हतं.

“असू दे,” हौसाताई म्हणाल्या. “खोटं सांगितलं असतं तर मला कळलं असतं.” मग कोरड्या, कामाच्या आवाजात म्हणाल्या, “आता एक नियम विचारते. उचलायला चौघं लागतील. डेपोतली पोरं येतो म्हणतायत, तोंडाला बांधून. आत आलेली चालतील का?”

“चालतील.”

“किती वेळ?”

“लागेल तेवढा,” सुनीतीबाई म्हणाल्या.

रकाना ७ : यंत्रनिर्मित सूचना

वडधरा, कार्यकक्ष. सायंकाळी ५.३० ते ५.५५. उपस्थिती : पाच. संमिश्र वापर. तीन दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा जोडणी खंडित करण्यात येईल.

रकाना ८ : सदस्याचा खुलासा

वरील वेळेत माझ्याखेरीज चौघे आत आले होते. एसटी डेपोतील आहेत, नावे मागील बाजूस लिहिली आहेत. ते बसायला आले नव्हते. यंत्राने पाच मोजले ते बरोबर आहे. सहावे मोजले नाहीत, तेही बरोबर आहे. जोडणी तोडण्यास हरकत नाही. मात्र प्राणवायूचे मशीन चालू स्थितीत आहे, ते ज्यांना लागेल त्यांनी घेऊन जावे.

हौसाबाई नारायण वाघचौरे
सदस्य, वडधरा